मेगाब्लॉकच्या आत श्रद्धांजली उरकून घ्या

मुंबईत राहायचं तर थोर माणसांची आठवण ठेवणं आणि रोजच्या बातम्या फॉलो करणं, दोन्ही जमलंच पाहिजे. लोक उगाच टेन्शन घेतात. ठाणे ते दादर, एका हाताने वरची कडी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोन्ही कामं उरकायची, बसायला मिळालं तर तेवढ्यात झोपही होते.

सुरुवात निधनापासून करा. कुणी मोठा माणूस गेला की खात्री वगैरे करत बसू नका, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळे होतात आणि मग तुमच्या वाटणीला नुसते जोडलेले हात येतात. गेलेला माणूस जिवंत निघालाच तर डिलीट फॉर एव्हरीवन आहे. मनात "अरे, हे अजून होते?" असं येणारच, सगळ्यांच्याच येतं, पण टाइप करताना "कधीही न भरून निघणारी पोकळी" असंच लिहायचं. पोकळी रात्रीच्या मॅचच्या टॉसपर्यंत भरून निघते. त्यांच्यासोबतचा फोटो असेल तर बेस्टच, त्यात ते अर्धे कापले गेले असले तरी चालतंय, तुम्ही नीट आलात म्हणजे झालं.

जयंती की पुण्यतिथी एवढं मात्र बघून घ्या. मी एकदा घाईत "पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा" टाकलं होतं आणि अकरा जणांनी "आपल्यालाही" म्हटलं. म्हणजे खरं तर तेही बघायची गरज नाहीये.

आता माणूस कायमचा लक्षात ठेवायचा असेल तर त्याचं नाव रस्त्याला द्या आणि मग त्या नावाची आद्याक्षरं करून टाका. एस. व्ही. रोड, जे. पी. रोड, एन. एम. जोशी मार्ग. दादरचा एस. के. बोले रोड घ्या ना, मंगळवारी सिद्धिविनायकासाठी पार्किंग शोधत तिथे तीन चकरा माराल पण एस म्हणजे सीताराम आणि के म्हणजे केशव हे कुणी विचारणार नाही. बरंच आहे ते. कारण विचारायला गेलात तर कळेल की या माणसाने १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा म्हणून, तो पासही झाला, महाडच्या नगरपालिकेने तर आपलं तळं खुलं केल्याचं कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं, आणि तरी त्यातलं ओंजळभर पाणी प्यायला १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. एवढं सगळं डोक्यात घेऊन गाडी कशी चालवणार? मागचा टॅक्सीवाला हॉर्न मारून जीव घेईल. रस्ता वन वे आहे का, तेवढं बघा.

पाण्यावरून आठवलं, पावसाळ्यात "तुळशी तलाव ओसंडून वाहू लागला" अशी बातमी आली की ताबडतोब फॉरवर्ड करा आणि गाडी धुवायला काढा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत तुळशी सगळ्यात छोटा, एकूण साडेचौदा लाख दशलक्ष लिटरमध्ये त्याचे आठ हजार, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का, असली आकडेमोड करणारा एक माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो (आमच्यात मीच). त्याला म्यूट करा.

६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं चित्र टाकायचं, पत्रकार दिन असतो. १८३२ मध्ये त्यांनी या दिवशी 'दर्पण' काढलं, अर्धा मजकूर मराठी आणि अर्धा इंग्रजी. आजचे अँकर ही परंपरा एकाच वाक्यात पाळतात.

बाकी रविवारची खरी बातमी एकच, मेगाब्लॉक. माटुंगा ते मुलुंड, धीमा मार्ग. ग्रुपवर जाऊन "यांना रविवारच बरा सापडतो" असं लिहा, थम्ब पडतात. त्यात एखादा शहाणा सांगायला लागेल की रविवारी सुट्टी असते म्हणून ब्लॉक रविवारी, आणि ही सुट्टी काही आभाळातून पडली नव्हती, नारायण मेघाजी लोखंडे म्हणून एक गृहस्थ होते, आधी गिरणीत स्टोअरकीपर, मग 'दीनबंधु' पेपर चालवायचे, १८८४ पासून मालकांच्या मागे लागलेले, एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहाएक हजार कामगारांची सभा भरली, त्यात दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० ला मालक कबूल झाले. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले.

एवढी लांब पोस्ट कुणी वाचत नसतं हो. 'रीड मोअर'वर चुकून अंगठा गेला असेल तर मागे घ्या. गेल्या जूनमध्ये मी हीच पोस्ट फोटोसकट ग्रुपवर टाकली होती, एका मिनिटात चौदा जोडलेले हात आले, आणि खाली काकांचा मेसेज, "फार वाईट झालं. कुठल्या विंगमधले? किती वाजता नेणार आहेत?"