डोंगर पोखरून बंगला काढण्याची रीतसर पद्धत

पावसाळ्यात घाट चढताना समोरच्या डोंगराच्या अंगावर चार धबधबे एकदम दिसतात आणि माणसाच्या मनात पहिला विचार येतो, इथे आपलं एक घर हवं. धबधबे आहेत तिथेच हवं. तुमच्याही मनात हा विचार आला असेल तर अभिनंदन. सह्याद्रीत बांधायला लागणारी जी एकच गोष्ट कोणतंही कार्यालय देऊ शकत नाही, ती तुमच्यापाशी तयार आहे. बाकीचं सगळं मिळतं. कसं मिळतं, तेवढं सांगतो.

आधी शेतकरी व्हा. दचकू नका, शेती करायची नाहीये. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, इतरांनी घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी, असं कूळकायद्याचं कलम ६३ म्हणतं. आणि डोंगरात विकायला निघालेली जमीन बहुतेक वेळा शेतजमीनच असते. तेव्हा आजोबांच्या, पणजोबांच्या, तेही जमलं नाही तर आजोळच्या एखाद्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढू शकतं का ते शोधा. ज्या चुलत्यांच्या तेराव्यालाही तुम्ही गेला नव्हता, त्यांच्या मुलाला फोन करा. वारसनोंद करायची राहूनच गेली होती, हे तुमच्या अचानक लक्षात येईल. सहा गुंठ्यांत चौदा नावं असली तरी बिघडत नाही, पंधरावं तुमचं. त्या सहा गुंठ्यांत काय पिकतं हे माहीत असण्याची अट कुठेही नाही.

मग जागेचा सातबारा काढा. तो वाचताना क्षेत्र आणि आकार (म्हणजे सारा) डोळे भरून पाहा, पण 'इतर हक्क' या रकान्यापाशी फार रेंगाळू नका. तिथे माणसाचा विरस करणाऱ्या गोष्टी राहतात: कुळाचं नाव, जुना बोजा, भोगवटादार वर्ग दोनची (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची) भानगड, आणि कधीकधी 'खाजगी वन' असे दोन निरुपद्रवी शब्द. हे शब्द १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यातून आलेले असतात. त्यांचा अर्थ असा की तुम्ही जी जमीन विकत घेताय ती विकणाऱ्याची आहे की सरकारची, यावर अजून वाद होऊ शकतो. दलाल म्हणेल, "साहेब, जुनी नोंद आहे, निघून जाईल." तो खोटं बोलत नाही. निघेलही. कुणाच्या हयातीत, हे त्याने सांगितलेलं नाही आणि तुम्ही विचारलेलं नाही.

आता घर. घर म्हणू नका, शेतघर म्हणा. जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ४१ शेतकऱ्यावर माया करणारं आहे. अवजारं, खत, वैरण ठेवायला, गुरं बांधायला आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाला राहायला शेतावर इमारत बांधता येते. जमीन निदान ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर हवी, ०.६० हेक्टरपर्यंत जोतं १५० चौरस मीटरच्या आत ठेवायचं, त्याच्या वर जमीन असेल तर ४०० पर्यंत जाता येतं. तेव्हा आर्किटेक्टला सांगा, दिवाणखान्यावर 'वैरण' लिही, बारवर 'बी-बियाणे', आणि पोहण्याच्या तलावाला शेततळं म्हण. शेततळ्याला निळ्या फरशा कशाला, असं विचारणारा माणूस त्या साखळीत मला अजून दिसलेला नाही.

मजल्यांचं टेन्शन घेऊ नका. इथे उतार तुमच्या बाजूने आहे. उतारावरचं घर रस्त्याकडून पाहिलं तर एकमजली असतं आणि दरीकडून पाहिलं तर तीनमजली. तपासणीला येणारी गाडी रस्त्यानेच येते. दरीच्या बाजूने वर चढून येऊन मजले मोजण्याची तरतूद कायद्यात असेलही, पण प्रवासभत्त्यात नाही.

उताराची गंमत एवढ्यावर संपत नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एक कटकटीचा आकडा आहे, एकास पाच. पाच मीटर आडवं जाताना एक मीटरपेक्षा जास्त चढ लागत असेल तर तिथे बांधायचं नाही. कोनात सांगायचं तर अकरा अंशांच्या थोडं वर. म्हणजे ज्या उतारावरून तुम्हाला ती सुप्रसिद्ध दरी दिसणार, तो उतार यात बसणं अवघडच. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही ठिकाणं तर अनुक्रमे २००१ आणि २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहेत, तिथली नियमावली आणखी वेगळी. नवखे लोक इथे हाय खातात. ते आधी मोजणी करतात आणि मग कपाळाला हात लावतात. क्रम उलटा करा. आधी जेसीबी, मग मोजणी.

जेसीबी दोन दिवसांत डोंगराच्या कुशीत एक छान पायरी पाडतो. वरच्या बाजूला पंधरा-वीस फुटांची उभी लाल भिंत उघडी पडते, मधे क्रिकेट खेळता येईल असं सपाट मैदान तयार होतं, आणि निघालेली माती-मुरूम खालच्या कडेवरून ढकलून दिला जातो. मैदानावर उभं राहून मोजलं तर उतार शून्य. भूमी अभिलेखचा मोजणीदार प्रामाणिक माणूस असतो, समोर जे आहे तेच तो मोजणार. महसूलवाल्यांनी कधी हटकलंच तर तो प्रश्न ब्रासचा, म्हणजे मापाचा असतो. किती ब्रास मुरूम काढला, त्याचं स्वामित्वधन भरलं का, नसेल तर दंड किती. डोंगर का कापला, हा प्रश्न त्या पावतीवर छापलेलाच नाही. तुम्ही पैसे भरा, पावती घ्या, आणि ती फाइलला लावा. पुढे कुणी विचारलं तर डोंगर कापायला सरकारने पावती दिली, असं सांगता येतं.

स्थळपाहणीची तारीख मात्र जपून मागा. एप्रिल सर्वांत उत्तम, मे चालेल. त्या दिवसांत डोंगर कसा कोरडा ठणठणीत असतो. गावनकाशावर तुमच्या प्लॉटमधून एक बारीक दुहेरी रेघ गेलेली असते. ती ओढ्याची. एप्रिलमध्ये तिथे काटेरी झुडपं, चार गोल गोटे आणि एखादी बकरी असते. साहेब विचारतील, "हा ओढा कुठाय?" तुम्ही चहूकडे मान फिरवून म्हणायचं, "तुम्हीच बघा साहेब." दोघेही बघतील. दिसणार नाही. पंचनाम्यात तसं लिहिलं जाईल आणि त्यावर दोन पंचांच्या सह्या होतील. तीन महिन्यांनी ओढा आपल्या जागेवर हजर झाला तर तो पंचनाम्याच्या विरुद्ध वागला, असं समजायचं.

सह्याद्रीत काळ्या कातळावर मुरूम-मातीचा थर बसलेला असतो. चार दिवस झोडपून पाऊस झाला की पाणी त्या थरात मुरतं, कातळापाशी अडतं आणि वरची माती जड होऊन सुटायला बघते. तिला पायथ्याचा टेकू असतो. तुमच्या जेसीबीने काढली ती हीच जागा. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. एकट्या माळीणमध्ये १५१ माणसं गेली. त्या गावांत कुणी शेततळ्याला निळ्या फरशा लावलेल्या नव्हत्या. पण आपला विषय परवानगीचा आहे, आणि जुलैत स्थळपाहणी कुणी ठेवत नाही.

फाइल आता दाखल झाली. सगळं ऑनलाइन आहे, म्हणजे सगळी कागदपत्रं अपलोड करायची आणि मग त्यांच्याच छापील प्रती घेऊन प्रत्यक्ष जायचं. इथे एखादा वाचनाची आवड असलेला मित्र तुम्हाला सांगेल की नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मानीव, म्हणजे मिळाल्यासारखीच, समजली जाते. मित्र बरोबर बोलतोय. कार्यालयालाही ते माहीत आहे. म्हणून अठ्ठावन्नाव्या-एकोणसाठाव्या दिवशी तुम्हाला त्रुटीचं पत्र येतं. मोजणीची क प्रत अस्पष्ट आहे. पुन्हा जोडली, की पोहोचरस्त्याचा दाखला नाही. तो आणला, की वन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र मूळ प्रतीत नाही. वन विभागात गेलात, की महसूलकडून पत्र आल्याशिवाय आम्हाला अभिप्राय देता येत नाही. महसूलला विचारलं, की वनचा अभिप्राय आल्यावर आम्ही पत्र देऊ. हे दोन विभाग एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत उंबऱ्यावर थांबलेल्या व्याह्यांसारखे असतात. पंगत बसते, पण मध्यस्थाने दोघांचेही हात धरून आत नेल्यावर. मध्यस्थ कोण, ते कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात कळतं.

आणि हो, पश्चिम घाटाच्या त्या संवेदनशील क्षेत्राचं काय, असं कुणी म्हणालं तर घाबरायचं नाही. घाट किती जपायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर केंद्राने मार्च २०१४ मध्ये पहिला मसुदा काढला आणि ३१ जुलै २०२४ ला सहावा, सहा राज्यांतल्या ५६,८२५ चौरस किलोमीटरचा. पाच मसुदे अंतिम न होताच मुदत संपून गेले. ज्या देशात मसुद्यांवर मसुदे इतक्या शांतपणे निघतात, तिथे तुमच्या प्लिंथला घाई करायला भरपूर वेळ आहे.

हे सगळं वाचून एखादा सरळमार्गी माणूस विचारेल, की मग हे नियम लागतात तरी कुणाला? लागतात ना. तुमच्या प्लॉटच्या खालच्या अंगाला जी वाडी आहे तिथे जाऊन बघा. तिथल्या माणसाला पडवी वाढवायची आहे, कारण थोरल्याचं लग्न झालं आणि धाकट्याचं ठरलंय. गावठाण कधीकाळी आखलं, घरं वाढली, रेघ तशीच राहिली. रेघेच्या बाहेर त्याने आठ पत्रे टाकले की लगेच नोटीस. तो भाऊसाहेबांकडे, म्हणजे तलाठ्याकडे, गेला तर भाऊसाहेब म्हणतात, "जागा बिगरशेती आहे का?" नाही. "अर्ज केला होता का?" केला होता. "त्याची पोच?" पोच पत्र्याच्या पेटीत होती, पेटी पावसात भिजली. "मग कसं करायचं?" भाऊसाहेब वाईट माणूस नाही, खरंच त्याला प्रश्न पडलेला असतो. तो बिचारा आपल्या सजाच्या सगळ्या वाड्या पायी फिरतो आणि आठ पत्रे पायी फिरणाऱ्यालाच दिसतात. तुमच्या बंगल्याला फाटक आहे, वॉचमन आहे आणि भुंकणारी दोन कुत्री आहेत, तिथे पायी कोण येणार?

त्या पडवीवाल्याची चूक एवढीच की त्याने बांधायच्या आधी विचारलं. बांधायच्या आधी विचारणाऱ्याला नियम सांगतात, बांधून झाल्यावर विचारणाऱ्याला शुल्क सांगतात. हा आपल्या राज्याचा सर्वांत सुसंगत कायदा आहे आणि तो कुठेही छापलेला नाही. छापलेल्यात त्याच्या खुणा तेवढ्या सापडतात. शहरी भागातल्या गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटांचा, कायदा २००१ चा. त्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंतचं नियमित करू आणि मग बास, असं ठरलं होतं. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि 'मग बास' ची तारीख ३१ डिसेंबर २०२० वर गेली. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा असा ठाम विश्वास आहे की त्यांच्या स्लॅबची तारीखही कुठल्या ना कुठल्या दुरुस्तीत बसेल. त्यांनी त्यासाठी प्रशमन शुल्क, म्हणजे बेकायदा बांधकाम नियमित करून घ्यायचे पैसे, वेगळ्या खात्यात काढून ठेवलं आहे. त्याला म्हणतात नियोजन.

मोठ्यांची गोष्ट मोठी. पुण्याजवळच्या डोंगरात वसवलेल्या लवासा शहराचं काम केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये थांबवलं आणि वर्षभराने अटींसह पर्यावरण मंजुरी दिली. डोंगर तोवर आधीच बराच पुढे गेलेला होता. काम झाल्यावर मंजुरी द्यावी का, यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये नको म्हटलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो निकाल दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मागे घेतला. तुमचा बंगला इतका मोठा नाही, तुम्हाला ही मंजुरी लागतही नाही. पण हवा कुठल्या बाजूची आहे ते कळायला हरकत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि इथेच बहुतेक बंगलेवाले गाफील राहतात. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की तुम्ही निवांत होता, गच्चीवर खुर्ची टाकता, आणि तेवढ्यात समोरच्या उतारावर दुसऱ्याचा जेसीबी दिसतो. तुमची दरी जाणार. तेव्हा प्रमाणपत्र मिळालं त्याच आठवड्यात पर्यावरणप्रेमी व्हा. पाच-सहा बंगलेवाल्यांची मिळून एक बचाव समिती काढा, वॉट्सॲप ग्रुपला डोंगराचा फोटो लावा. पश्चिम घाटाचा पुढचा मसुदा निघाला की हरकती-सूचनांसाठी साठ दिवस असतात, पहिल्या आठवड्यातच हरकत द्या. मजकूर सोपा आहे: "महोदय, सदर परिसर निसर्गसंपन्न असून येथील ओढे, झाडे व उतार यांना धोका निर्माण झाला आहे. तरी यापुढे येथे कोणत्याही बांधकामास परवानगी देण्यात येऊ नये." खाली पत्ता बंगल्याचा घाला, म्हणजे स्थानिक रहिवासी म्हणून वजन पडतं. सोबत ओढ्याचा फोटो जोडा. तो मात्र जुलैत काढलेला हवा.