ओघळलेला कान ‘विना टाका, 15 मिनिटांत’ जुळत नाही

कानाची फाटलेली पाळी विना ऑपरेशन, विना टाका, अवघ्या 15 मिनिटांत जोडून मिळेल, असा मजकूर आधीच्या-नंतरच्या फोटोंसह व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. औषध हर्बल आहे, पद्धत सुश्रुताची आहे, दुसऱ्या दिवशी झुमके घालता येतात आणि ऑपरेशन केलं तर कानावर गाठ येते, असंही त्यात असतं. ब्युटी पार्लरच्या पाट्यांवरही हेच दावे दिसतात. यातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे, आणि त्याची किंमत कानाला मोजावी लागते.

आधी त्या 15 मिनिटांविषयी. पाळीत कूर्चा, म्हणजे कानाच्या वरच्या भागाला आकार देणारं मऊ हाड, नसते. कातडी, चरबी आणि थोडे तंतू, एवढंच. म्हणून जड झुमक्याची तार साबणातून उतरावी तशी वर्षानुवर्षं खाली सरकत जाते. एखाद्या दिवशी ओढणी अडकते किंवा कडेवरचं बाळ हिसका देतं, आणि उरलेला धागा तुटतो. पण अशा जुन्या भोकाच्या आत जखम नसते. आतली भिंत कातडीनेच मढलेली असते. कातडीला कातडी चिकटवून कितीही वेळ धरली तरी ती जुळत नाही. हाताची दोन बोटं रात्रभर एकमेकांना टेकून असतात, म्हणून सकाळी एक होत नाहीत. कडा जुळायच्या तर आतलं अस्तर पूर्ण निघून ताजं, रक्त येणारं मांस समोरासमोर यायला हवं. त्यानंतरही भरून येणं आठवड्यांच्या हिशेबाने होतं, मिनिटांच्या नाही.

मग फोटोत कान जुळलेला कसा दिसतो? ‘औषध’ म्हणून बरेचदा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड लावतात. ते प्रथिनं गोठवतं, जागा पांढरी पडते, दोन्ही भिंती सुजून एकमेकींना टेकतात. फोटो त्या क्षणाचा असतो. पुढे खपली धरते, सूज उतरते, खपली पडते. अस्तर जळायचं राहिलं असेल तिथून ते पुन्हा वाढतं आणि भोक परत उघडतं. कधी याहून वाईट होतं: बाहेरून भोक बुजतं, पण अस्तराचा तुकडा आत अडकतो आणि काही महिन्यांनी पाळीत मळ साठलेली, दुखरी गाठ तयार होते. ती शेवटी कापूनच काढावी लागते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. 90 टक्के तीव्रतेचं हेच ॲसिड काही डॉक्टरांनी अर्धवट ओघळलेल्या, लहान भोकांसाठी वापरलं आहे. पण ते काडीच्या टोकावर घेऊन, फक्त आतल्या भिंतीला, काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा लावावं लागतं, आणि मधल्या काळात पाळी टेपने जुळवून ठेवावी लागते. 50 टक्क्यांच्या वर या ॲसिडचा जोर किती खोल जाईल, याचा भरवसा नसतो. एकदा पांढरा थर आला की पाण्याने धुऊन परिणाम मागे घेता येत नाही. पूर्ण दुभंगलेल्या पाळीला याचा उपयोग नाहीच. बुगडीच्या भोकाला तर ते लावूच नये: तिथे कातडीखाली कूर्चा आहे, आणि कूर्चेला जंतुसंसर्ग झाला तर कानाचा आकारच चुरगळतो.

काही ठिकाणी ॲसिडऐवजी सरळ झटपट चिकटणारा गोंद वापरतात. रुग्णालयातला वैद्यकीय गोंद वेगळा असतो, आणि तोही ताज्या जखमेच्या कातडीवर वरून लावतात, दोन कडांच्या मध्ये भरत नाहीत. मध्ये गेलेला गोंद भिंतीसारखा उभा राहतो आणि कडा भेटूच देत नाही. घरगुती गोंद तर घट्ट होताना तापतो आणि भाजतो.

‘हर्बल’ या शब्दाबद्दल फार लिहायला नको. बाटलीवर घटक आणि तीव्रता छापलेली नसेल तर ती कानाजवळ आणू नये.

सुश्रुताचं नाव मात्र असं वापरलेलं पाहून वाईट वाटतं, कारण त्याने नेमकं उलट सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला 16वा अध्याय कान टोचणं आणि फाटलेला कान जोडणं याच विषयावर आहे. त्यात जोडण्याचे 15 प्रकार दिले आहेत. जोडण्याआधी कान कापून, खरवडून घ्यायचा, येणारं रक्त तपासायचं, मग कडा उंचसखल न ठेवता जुळवायच्या, मध-तूप लावून कापसाने किंवा कापडाने झाकायचं आणि दोऱ्याने फार घट्टही नाही, फार सैलही नाही असं बांधायचं. पाळी उरलीच नसेल तर गालाचं मांस मुळाशी जिवंत जोडलेलं ठेवून तिथे वळवायचं. नंतर कान चोळायचा नाही, आणि फार बोलायचंही नाही. याला विना ऑपरेशन कसं म्हणायचं?

आजची शस्त्रक्रियाही त्याच तत्त्वावर चालते आणि ती मोठी नसते. पाळीत बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं 1 ते 2 मिली इंजेक्शन, तेवढंच टोचणं. आतलं अस्तर पात्याने पूर्ण काढतात. खाली फक्त धाग्याएवढी कातडी उरली असेल तर तीही कापून पाळी आधी पूर्ण दुभंगतात, कारण तो धागा ठेवून केलेलं काम टिकत नाही. पहिला टाका पाळीच्या खालच्या कडेवर येतो, म्हणजे दोन्ही बाजू एका रेषेत बसतात. आत विरघळणारे आणि बाहेर नायलॉनचे बारीक टाके. सरळ रेषेत शिवलं तर व्रण आखडून खालच्या कडेला खाच पडू शकते. ती टाळायला कडेजवळ रेघ इंग्रजी झेडसारखी मोडतात किंवा कडा किंचित उंच ठेवून शिवतात. एका कानाला साधारण अर्धा तास लागतो. टाके 7 ते 10 दिवसांनी निघतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये, आधी डॉक्टरांना सांगावं.

गाठीची भीती खोटी नाही. ती फक्त ऑपरेशनच्या माथी मारणं खोटं आहे. कीलॉइड, म्हणजे व्रणावर वाढत जाणारी टणक गाठ, कोणत्याही जखमेतून येतो, कान टोचण्यातून आणि ॲसिडच्या भाजण्यातूनही. छातीवर, खांद्यावर किंवा आधी टोचलेल्या जागी अशी गाठ आलेली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. व्रण खाजू लागला, टणक होऊन मूळ रेषेबाहेर पसरू लागला तर थांबू नका. त्या टप्प्यावर काही आठवड्यांच्या अंतराने ट्रायॲमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं आणि दाब देणारी क्लिप उपयोगी पडते. मोठा झालेला कीलॉइड नुसता कापला तर तो बहुतेक वेळा परत येतो.

राहता राहिले दुसऱ्या दिवशीचे झुमके. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या ताकदीचा चौथा हिस्साही मुश्किलीने असतो. तीन महिन्यांनी ती सुमारे 80 टक्क्यांवर येते आणि तिथेच थांबते, पूर्ववत कधीच होत नाही. म्हणून तीन महिने कान मोकळा ठेवावा. नंतर टोचताना नवं भोक व्रणाच्या रेषेवर न घेता बाजूला, पाळीच्या मध्याजवळ घ्यावं आणि सुरुवातीला हलकी कुडीच घालावी. खोट्या दागिन्यातल्या निकेलने कान खाजत, पाझरत असेल तर तो दागिना बंद करावा. सुजलेली पाळी लवकर ओघळते. सणासमारंभाला झुबे घालायचेच असतील तर सोबत वेल लावावेत. केसांत अडकवलेला वेल झुब्याचं बरंचसं वजन पाळीवरून उचलतो. घरी परतल्यावर झोपण्याआधी दोन्ही काढून ठेवावेत.