महाग केबल म्हणजे टिकाऊ केबल? एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मंडळींमध्ये केबलविषयीचा एक सल्ला वरचेवर फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: स्वस्त केबल वर्षभरात जाते, म्हणून ऑक्सिजनविरहित तांब्याची आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लगची जाडजूड केबल एकदाच घ्यावी, तिच्यावर छापलेल्या बाणाची दिशा पाळावी, प्लग साच्यात ओतलेला, अखंड असावा, कारण त्यात धूळ शिरत नाही, वाजवून झाल्यावर केबल पंजा आणि कोपर यांच्याभोवती घट्ट गुंडाळावी, आणि इतके करूनही दोन-तीन वर्षांत तांबे ‘थकते’, तेव्हा नवी आणावी. या सल्ल्यात सत्याचा अंश अगदीच नाही असे नाही, परंतु केबल कुठे तुटते हा प्रश्न त्यात कोणी विचारलेलाच दिसत नाही. सगळे लक्ष ती कशाची बनली आहे याकडे आहे.

तांब्यापासून सुरुवात करू. गिटारच्या केबलमधील मधली तार साधारण २४ गेजची धरली, तर सहा मीटरच्या केबलमध्ये तिचा रोध जेमतेम अर्धा ओहम भरतो. गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा, म्हणजे तारांची कंपने विद्युत-सिग्नलमध्ये बदलणाऱ्या एकेरी वेटोळ्याचा, स्वतःचा रोध सहा ते आठ हजार ओहम असतो आणि समोरच्या ॲम्पच्या, म्हणजे ध्वनिवर्धकाच्या, इनपुटचा बहुधा दहा लाख ओहम. अशा मंडलात त्या अर्ध्या ओहमला काहीच वजन नाही. नेहमीचे विद्युत-तांबे आणि ऑक्सिजनविरहित तांबे यांच्या वाहकतेतील फरक फार तर एखाद्या टक्क्याचा असतो. म्हणजे जे नगण्य आहे त्याच्या शंभराव्या भागासाठी आपण पैसे मोजायचे. टिकाऊपणाशी तर या गोष्टीचा संबंध त्याहूनही कमी आहे.

केबलमुळे आवाज बदलतो हे मात्र खरे आहे आणि ते अमान्य करण्याचे कारण नाही. बदलतो तो तांब्याच्या प्रतीमुळे नव्हे, धारितेमुळे, म्हणजे कॅपॅसिटन्समुळे. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून एक लांबलचक कॅपॅसिटरच, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटकच, तयार होतो. नेहमीच्या केबलची धारिता मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास असते. अडीच हेन्री इंडक्टन्सचा आणि शंभरेक पिकोफॅरड स्वतःच्या धारितेचा पिकअप घेतला, तर तीन मीटरच्या केबलवर त्याचा अनुनाद, म्हणजे ज्या कंपनसंख्येला तो सर्वांत जोरात बोलतो ती, सुमारे ५,००० हर्ट्झला येतो आणि सहा मीटरच्या केबलवर ३,८०० हर्ट्झच्या जवळ उतरतो. हा फरक कानाला सहज कळतो: लांब केबलवर आवाजाची धार बोथट होते. कोणाला तो बोथटपणाच आवडतो, आणि त्यात गैर काही नाही. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप असतील किंवा साखळीत गिटारनंतर लगेच बफर (सिग्नलला जोर देणारे छोटे मंडल) असलेला पेडल असेल, तर पुढील केबलच्या धारितेचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. म्हणून खरेदी करताना विचारायचे ते दोनच आकडे, मीटरला किती पिकोफॅरड आणि आपल्याला खरोखर किती मीटर लागणार. घरी सरावासाठी तीन मीटर पुरतात. गरजेपेक्षा लांब घेतलेली केबल पायाखाली येते, खुर्चीच्या चाकाखाली चेंगरते आणि म्हणून आधी जाते.

सोन्याच्या मुलाम्याचा मुद्दा थोडक्यात संपतो. सोने गंजत नाही हे निर्विवाद आहे. परंतु प्लगवरचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि तो गिटारच्या ज्या जॅकमध्ये, म्हणजे प्लग घालायच्या खाचेत, रोज घासत आत-बाहेर होतो, तो जॅक बहुतेक वेळा निकेलच्या मुलाम्याचा असतो. वर्षानुवर्षे एकाच जागी लावून ठेवायच्या जोडणीत सोन्याला अर्थ आहे. रोज काढायच्या-घालायच्या प्लगवर ते झिजते आणि खालचा धातू उघडा पडतो. कठीण निकेल येथे अधिक सोसते.

बाणाविषयी बोलायचे तर गिटारमधून येणारा प्रवाह मुळात प्रत्यावर्ती असतो. पाचवी तार, म्हणजे ११० हर्ट्झचा ए, मोकळी छेडली की प्रवाह सेकंदाला २२० वेळा आपली दिशा पालटतो. त्याला बाण दाखवून उपयोग काय? एक अपवाद नोंदवला पाहिजे. काही केबलींमध्ये आत दोन तारा आणि बाहेर वेगळी जाळी असते आणि ती जाळी एकाच टोकाला जोडलेली असते. तेथे बाण हे दाखवतो की जाळी कोणत्या टोकाला जोडली आहे, आणि ते टोक ॲम्पकडे ठेवणे समंजसपणाचे आहे. परंतु एक तार आणि एक जाळी अशा सर्वसाधारण केबलवरचा बाण ही निव्वळ सजावट आहे, आणि दोन्ही प्रकारांत त्याने केबलचे आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही.

आता जाडीकडे वळू. केबल जाड आहे म्हणजे ती मजबूत आहे असे मानण्यापूर्वी ती जाडी कशामुळे आली आहे हे पाहावे लागते. केबलच्या आत, मधून बाहेर येत, बारीक धाग्यांची तांब्याची तार, तिच्यावरचे पॉलिइथिलीनचे आवरण, त्यावर कार्बनयुक्त वाहक प्लास्टिकचा पातळ थर, मग जाळी आणि शेवटी बाहेरचे पीव्हीसी किंवा रबर असे थर असतात. कार्बनचा थर असतो तो केबल हलताना, तुडवली जाताना निर्माण होणारी खरखर शोषण्यासाठी. तो नसलेली केबल पाय लागला तरी ॲम्पमधून बोलते. जाळीचे तीन प्रकार आढळतात. विणलेली जाळी वारंवार वाकवली तरी बरीच टिकते. एकाच दिशेने गुंडाळलेली जाळी अधिक लवचीक असते आणि प्लग लावताना सोलायलाही सोपी, पण पीळ पडत राहिला तर तिचे धागे विलग होतात आणि मधल्या फटींतून बाहेरच्या विजेची घुंई आत शिरते. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाची जाळी झाकते पूर्ण, परंतु वाकवत राहिले की तिला भेगा पडतात. ती भिंतीत बसवलेल्या तारेला शोभते, रंगमंचावर नव्हे. स्वस्त केबलमध्ये जाड दिसते ते पुष्कळदा नुसते बाहेरचे पीव्हीसी. ते ताठ असते, आणि ताठ केबल आपला सगळा बाक प्लगच्या तोंडाशी आणून ठेवते.

केबल मरते ती तेथेच. सोल्डर करताना वितळलेला धातू तारेच्या धाग्यांमध्ये थोडा वर चढतो आणि तेवढा भाग कडक होऊन बसतो. कडक भाग जेथे संपतो आणि मऊ तार जेथे सुरू होते त्या रेषेवर प्रत्येक हेलकाव्याचा ताण येतो आणि धागे एकेक करून तुटतात. म्हणून प्लग विकत घेताना पाहायची गोष्ट म्हणजे केबलच्या बाहेरील आवरणाला तो कसा धरतो. स्विचक्राफ्ट या कंपनीच्या जुन्या घडणीच्या प्लगमध्ये धातूचे दोन कान दाबून आवरण पकडले जाते. न्यूट्रिक या दुसऱ्या कंपनीच्या प्लगमध्ये टोपण आवळले की आतला पकडणारा भाग चहूबाजूंनी मिठी मारतो. दोन्ही चालतात, पण पकड आवरणावर हवी, सोल्डरवर नव्हे. ताण कमी करण्याचा बिनखर्चाचा उपायही आहे: केबल गिटारच्या पट्ट्याच्या आतून, पट्टा आणि गिटार यांच्यामधून फिरवून मग जॅकमध्ये घालावी, म्हणजे कोणाचा पाय पडला तरी झटका पट्टा घेतो. लेस पॉलसारख्या, बाजूला जॅक असलेल्या गिटारला काटकोनी प्लग सोयीचा. स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या खोलगट जॅकमध्ये मात्र काटकोनी प्लग नीट बसत नाही, तेथे सरळच हवा.

या पार्श्वभूमीवर साच्यात ओतलेल्या प्लगची शिफारस सगळ्यात नुकसानकारक ठरते. धूळ आत जात नाही हे खरे. पण सोल्डरिंगचे टोकही आत जात नाही. जो भाग हमखास जाणार, तोच भाग उघडता येऊ नये अशी ही रचना आहे. टोपण फिरवून उघडणारा प्लग घ्यावा, आणि तो नसेल तर ओतलेला प्लग खराब झाल्यावर कापून त्याजागी तसा बसवावा. सुटे प्लग सहज मिळतात आणि मुंबई-पुण्यातच काय, लहान गावातल्या ध्वनिक्षेपक दुरुस्त करणाऱ्यालाही हे काम येते. त्याला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी: मधल्या तारेच्या आवरणावरचा तो काळा कार्बनचा थर टोकापासून काही मिलिमीटर सोलून काढायचा आहे. नेहमीच्या तारांमध्ये असा थर नसल्याने तो इन्सुलेशनच समजला जातो आणि तसाच ठेवला जातो. मग तो मधल्या तारेला टेकतो, सिग्नल जाळीत झिरपतो आणि नवी जोडणी असूनही आवाज क्षीण येतो. सोल्डरिंगचे टोक फार वेळ टेकवून ठेवले तर पॉलिइथिलीन वितळते, म्हणून आधी दोन्ही पृष्ठभागांवर सोल्डर चढवून घ्यावे आणि मग झटकन जोडावे.

कोपराभोवती गुंडाळण्याने केबलचे काय होते हे पाहणे अवघड नाही. प्रत्येक वेटोळ्याबरोबर केबलला एक पूर्ण पीळ बसतो, शिवाय पंजाशी आणि कोपराशी तीव्र बाक येतो. दहा वेटोळ्यांत दहा पीळ, तेही रोज एकाच दिशेने. आतली जाळी त्यानेच विस्कटते. ध्वनिव्यवस्था सांभाळणारे लोक एक वेटोळे सुलट आणि पुढचे उलट घेतात, त्यामुळे पीळ एकमेकांना रद्द करतात आणि केबल फेकली की सरळ उलगडते. वेटोळे वीतभर तरी रुंद असावे आणि बांधायला वेल्क्रोची पट्टी वापरावी. केबलचेच टोक भोवती आवळून गाठ मारण्याची सवय प्लगच्या मुळावर येते.

राहिले थकणारे तांबे. पडून राहिल्याने तांबे थकत नाही. ते पुनःपुन्हा वाकवल्याने तुटते, आणि तेही ठरावीक जागी. त्यामुळे केबलच्या वयावरून तिची किंमत करण्यात अर्थ नाही. वयाचा परिणाम होतो तो बाहेरील पीव्हीसीवर, विशेषतः मे महिन्यात बंद गाडीत ठेवल्यास, आणि प्लगच्या पृष्ठभागावर. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत प्लग काळवंडतात. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसणे पुरते. पॉलिश पेपरने घासू नये, कारण त्याने मुलामा जातो आणि खालचे पितळ आणखी लवकर काळे पडते.

खरखर सुरू झाली की केबल टाकून देण्याआधी मल्टिमीटर घ्यावा. प्लगच्या अणकुचीदार शेंड्याला टोक आणि त्यामागच्या दांड्याला बाही म्हणतात; एका प्लगच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत आणि बाहीपासून बाहीपर्यंत जोडणी मिळाली पाहिजे, टोक आणि बाही यांच्यात मिळता कामा नये. मग मल्टिमीटर लावलेला असतानाच एकेका प्लगजवळ केबल हलवून पाहावी. ज्या बाजूला आकडा उडतो, दोष त्या बाजूला. तेथून पाच-सहा सेंटिमीटर कापून टाकावे आणि प्लग पुन्हा जोडावा. सहा मीटरच्या केबलला एवढी काटछाट अनेकदा परवडते.