यंदा नाताळला 'टोकियो गॉडफादर्स' बघा, मुलांना शेजारी बसवून बघा

रागात लिहितेय. दोनदा लिहून खोडलं, आता खोडणार नाही.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा चालली होती. चोवीसला संध्याकाळी गच्चीवर पडदा लावायचा, मुलांना नाताळचा एखादा सिनेमा दाखवायचा, नावं सुचवा. काल रात्री मी एक नाव सुचवलं. 'टोकियो गॉडफादर्स'. जपानी, २००३ चा, अ‍ॅनिमेशन, ९२ मिनिटांचा. सकाळी उठून बघते तर खाली उत्तरांची रांग. "जपानी कशाला?" "कार्टून आहे का?" इथवर ठीक होतं. मग एका काकांनी ट्रेलर पाहिला आणि लिहिलं, त्यात भिकारी आहेत, बेवडा आहे आणि एक 'तसला'पण आहे. त्यांनी वापरलेला शब्द मी इथे लिहिणार नाही. सणासुदीला मुलांसमोर असलं नको, म्हणे. त्याखाली चौदा अंगठे.

चौदा! त्यातली निम्मी माणसं दरवर्षी आमच्या घरी येशूजन्माचा गोठा बघायला येतात. फोटो काढतात, नेवऱ्या खातात, "किती छान सजवता हो तुम्ही" म्हणतात. अहो, पण त्या गोठ्यात कोण आहे ते बघितलंत का कधी? उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून गव्हाणीत निजवलेलं बाळ आहे. दारोदार फिरून दमलेले आईबाप आहेत. पहिले भेटायला कोण आले, तर थंडीत रानात उघड्यावर मेंढरं राखणारे. मी लहानपणापासून हे ऐकत आलेय, आमच्या वसईच्या फादरांनी शंभर वेळा सांगितलंय. आणि तरी मलाही ते कळायला एक लोकल आणि एक जपानी सिनेमा लागला.

सिनेमाची गोष्ट सांगते, शेवट सांगणार नाही.

टोकियो, नाताळची आदली रात्र. एका चर्चमध्ये लहान मुलं येशूजन्माचं नाटक करतायत. समोर बसलेत बेघर लोक, नंतर जेवण मिळतं म्हणून आलेले. त्यात आपले तिघे. गिन, दारूत बुडालेला मध्यमवयीन माणूस. मियुकी, घरातून पळालेली शाळकरी पोर. आणि हाना, पुरुषाच्या देहात जन्मलेली बाई, एके काळी क्लबात कार्यक्रम करणारी. जेवणाच्या रांगेत हाना वाढणाऱ्याला सांगते, जरा जास्त वाढ, मला दोन जिवांचं खायचंय. तो बघतच राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले होते. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या घशात आवंढा आला, कारण तोवर कळलं होतं की तिला मनापासून आई व्हायचंय.

मग तिघं कचऱ्याच्या ढिगात मियुकीसाठी नाताळची भेट शोधायला जातात. कुणीतरी पुस्तकांचा संच टाकून दिलेला असतो. आणि तिथेच बाळाचं रडणं ऐकू येतं.

गिन म्हणतो पोलिसांकडे देऊन टाकू. बरोबरच म्हणतो. पण हाना सोडत नाही, एक रात्र तरी मला आई होऊ दे म्हणते. आणि ती काय करते, तर बाळाचं नाव ठेवते. कियोको. 'सायलेंट नाइट' हे गीत जपानीत 'कियोशी कोनो योरु' अशा शब्दांनी सुरू होतं, पवित्र अशी ही रात्र. त्या कियोशीवरून कियोको. आत्या नाही, पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. पार्कात निळ्या ताडपत्रीच्या झोपडीत, ज्यांना शहर ओळखत नाही अशा तिघांनी केलेलं बारसं.

आता माझी गोष्ट. जवळच्यांनी ऐकली असेल, पुन्हा ऐका.

२००९, २४ डिसेंबर. लेक पाच महिन्यांची. नवरा ड्यूटीवर, मी एकटी अंधेरीहून वसईला माहेरी निघालेले, मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पोचायचं म्हणून. लेडीज सेकंड क्लास. भाईंदर सुटलं आणि खाडीपुलाच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. पंखे बंद. लेक आधी कुरकुरली, मग तिने टाहो फोडला. अंगावर घेतलं, घेईना. उभी राहून झुलवलं, उपयोग नाही. डब्यातल्या बायकांनी सल्ले दिले, सल्ले संपल्यावर कपाळाला आठ्या घातल्या. एकीने तर खिडकीकडे तोंड फिरवून कानात बोटं घातली.

दाराशी खाली एक तृतीयपंथी बसल्या होत्या. टाळ्या वाजवून पैसे गोळा करून झाले होते, दमून भिंतीला टेकल्या होत्या. त्या उठल्या, गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "दे इकडे. तू थकलीस की तिला कळतं."

मी दिली. द्यायची इच्छा होती असं खोटं सांगणार नाही, पण हात गळून गेले होते. त्यांनी आधी बांगड्या काढल्या. हिरव्या, काचेच्या, बाळाला टोचू नयेत म्हणून एकेक करून काढल्या आणि माझ्या ओंजळीत दिल्या. अंगातून नुकत्याच निघालेल्या, गरम होत्या त्या बांगड्या. मग लेकीला खांद्यावर पालथी घेतली आणि पाठीवर चार बोटांनी थोपटत राहिल्या. मोठा ढेकर निघाला. थोड्या वेळाने लेक झोपली.

आणि त्या वेळात मी काय केलं? मी खांद्यावरची पर्स पुढे ओढून पोटाशी धरली. एका हातात त्यांच्या बांगड्या आणि दुसऱ्या हाताने पर्स गच्च.

माझं पोर त्यांच्या खांद्यावर होतं आणि मी पर्स सांभाळत होते.

हा सिनेमा मी त्यानंतर तीन-चार वर्षांनी पाहिला, एका मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर दिला होता. त्यात एक प्रसंग आहे. तिघं बाळाला घेऊन आगगाडीत बसलेत. आसपासचे लोक त्यांच्या वासाने नाक धरतात. बर्फामुळे गाडी मध्येच थांबते, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असते, आणि मियुकीला त्या गाडीच्या खिडकीत तिचा बाप दिसतो. पोर अशी घाबरते की खिडकीतून उडी मारून पळते. मी तिथे सिनेमा थांबवला. मला मियुकी दिसत नव्हती, बाप दिसत नव्हता. नाक धरणारे लोक दिसत होते. त्यांच्यात मी होते. पर्स धरून.

आणि हे आमच्या चौदा जणांना मुलांसमोर नकोय!

मुलांना काय हवंय मग? दरवर्षी तेच. बर्फातलं मोठं घर, वर बांधलेला लाल रिबनचा गुच्छ, भेटवस्तूंचा ढीग, एखादा चिडका माणूस शेवटी हसतो की संपलं. बघा, मीही बघते, आवडीने बघते. पण मग नाताळ म्हणजे खरेदी असाच अर्थ पोरं घेतात, आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना काही किंमत नाही.

गंमत म्हणजे जपानात ख्रिस्ती माणसं जेमतेम शेकड्याला एक. पंचवीसला सुट्टीसुद्धा नसते. तिथे चोवीसची रात्र प्रेमिकांची, स्ट्रॉबेरी आणि क्रीमच्या केकची, तळलेल्या चिकनच्या बादलीची. खरा सण नवं वर्ष. अशा देशातल्या माणसांनी हा सिनेमा केलाय. दिग्दर्शक सातोशी कोन, लिहिताना त्याच्या सोबत केइको नोबुमोतो. जॉन फोर्डचा १९४८ चा एक वेस्टर्न आहे, तीन दरोडेखोरांना वाळवंटात बाळ सापडतं तो. त्या तीन दरोडेखोरांच्या मागेही येशूबाळाला भेटी घेऊन आलेले आपले तीन राजेच आहेत. कोनने ते राजे टोकियोच्या फुटपाथवर आणून बसवले. त्यांच्याकडे ना सोनं, ना ऊद, ना गंधरस. दुधासाठीसुद्धा हिंडावं लागतं.

टोकियोतल्या शिंजुकूच्या उंच उंच इमारती मागे आणि पुढे ताडपत्रीची खोपटी, हे कोनने मनाने रचलेलं नाही. नव्वदीत मंदी आली तेव्हा तिथे बेघरांची वस्तीच उभी राहिली होती. सिनेमात टगी पोरं मौजेखातर गिनला बडवतात. तेही मनचं नाही. १९८३ मध्ये योकोहामात शाळकरी वयाच्या पोरांनी बेघरांवर हल्ले केले होते, माणसं मेली होती. आणि आपल्याकडे पुलाखाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर पाणी ओततात ते काय वेगळं आहे?

हो, मान्य. अगदी लहानांसाठी नाही हा सिनेमा. मारामारी आहे, शिव्या आहेत, गिन हानाला नको ते बोलतो, अमेरिकेतही त्याला पीजी-१३ मिळालंय, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांच्या पालकांना सावध करणारा शिक्का. दहाबारा वर्षांच्या पुढच्या मुलांना दाखवा, शेजारी बसा, विचारतील ते सांगा. आणि हो, योगायोग फार आहेत, पावलोपावली आहेत, तेही मान्य. मला त्याचा त्रास झाला नाही. गाडी खाडीपाशी थांबणं आणि त्याच डब्यात दाराशी त्या बसलेल्या असणं, हा काय मी ठरवून आणलेला योगायोग होता?

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मियुकी बाळासकट एका परक्या घरात अडकते. घरातली बाई लॅटिन अमेरिकेतली, तिची भाषा वेगळी, हिची वेगळी. त्या बाईचं स्वतःचं तान्हं आहे. ती कियोकोला उचलते आणि पदराखाली घेते, एका बाजूला आपलं, दुसऱ्या बाजूला हे. काही विचारत नाही, काही मागत नाही. आणि मियुकी, जी आजवर कुणाला बोललेली नसते, ती त्या बाईसमोर आपलं सगळं पाप बोलून टाकते. बाईला शब्द कळत नाही. तरी ती ऐकते. मी कन्फेशनला बसून इतकं हलकं होताना कुणाला बघितलेलं नाही.

लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक.

गेल्या वर्षी लेकीबरोबर बघितला. पंधरा वर्षांची होती तेव्हा, म्हणजे मियुकीच्याच वयाची म्हणा. जपानीतच बघितला, खाली इंग्रजी अक्षरं ठेवून, कारण योशिआकी उमेगाकी यांनी हानाला दिलेला आवाज मूळचाच ऐकावा. घोगरा, मध्येच लाडात येणारा, मध्येच आईचा. २०२० मध्ये इंग्रजी आवाज नव्याने दिले तेव्हा हानासाठी शकिना नेफॅक ही ट्रान्स अभिनेत्री घेतली. तेही चांगलं झालं, ज्यांना अक्षरं वाचायचा कंटाळा त्यांनी ते बघा.

सिनेमा संपला. लेक बराच वेळ गप्प. ती लोकलची गोष्ट तिला पाठ आहे, दर नाताळात ऐकते. म्हणाली, "मम्मी, त्यांचं नाव काय होतं?"

मी विचारलंच नव्हतं. हानाने कचऱ्यात सापडलेल्या बाळाला त्याच रात्री नाव दिलं. मी माझं बाळ झोपवणाऱ्या बाईला नाव विचारलं नाही. वसई आलं तेव्हा मी वीसची नोट पुढे केली होती. त्यांनी ती घेतली, लेकीच्या मुठीत खोचली आणि मूठ मिटून दिली. मी बांगड्या परत केल्या. त्यांनी त्या हातात चढवल्या. मोजल्या नाहीत.

सातोशी कोन २०१० मध्ये गेला, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने, वय ४६. चारच सिनेमे पुरे करून गेला. नोबुमोतोबाई २०२१ च्या डिसेंबरात गेल्या. आता असा नाताळचा सिनेमा पुन्हा कुणी करेल तेव्हा करेल. तोवर हा आहे.

गच्चीवर काय दाखवायचं ते कमिटी ठरवेल, मी आता भांडणार नाही. ग्रुपवर मघाशी एवढंच टाकलं: "चोवीसला संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी 'टोकियो गॉडफादर्स' लावणार आहे. सगळ्यांनी या." काकांना वेगळा फोन करून बोलावलं. येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "नेवऱ्या केल्यात का?" असं विचारलं. केल्यात.

तुम्हीही या. साडेआठला संपेल. त्यानंतर मी आणि लेक मिस्सेला निघणार, वसईला. नवरा म्हणतोय गाडी काढतो, पण आम्ही लोकलनेच जाणार आहोत. लेडीज सेकंडने.