शेंबूड हिरवा झाला म्हणून ॲझिथ्रो?

पावसाळा लागला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. घसा धरला, शेंबूड हिरवा झाला की ॲझिथ्रोमायसिन 500 तीन दिवस घ्या. जंतू मुळापासून मरतात, अपाय काही नाही, वर वाटीभर दही खाल्लं की पोट पूर्ववत.

जंतू मरतात, पण कुठले? साधी सर्दी विषाणूंमुळे होते. ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक; ते जिवाणूंच्या रायबोसोमला (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला) चिकटून त्यांची प्रथिनं बनणं थांबवतं, आणि विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो. ‘मला तर तिसऱ्या दिवशी फरक पडला’ म्हणणाऱ्यांची सर्दी तोवर आपोआपच उतरणीला लागलेली असते.

हिरवा शेंबूड म्हणजे जिवाणू, हे मात्र भल्याभल्यांना खरं वाटतं. हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. संसर्ग झाला की न्यूट्रोफिल नावाच्या या पेशी नाकात जमतात. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त विकर (एन्झाइम) असतं, ते मुळातच हिरवं. पेशी मोठ्या संख्येने जमल्या, मेल्या की तोच रंग शेंबडाला चढतो, विषाणूच्या सर्दीतसुद्धा. डॉक्टरांकडे जायचं ते दहा दिवसांतही उतार पडला नाही, बरं वाटून पुन्हा ताप चढला किंवा दम लागला तर.

‘अपाय नाही’ हे सगळ्यात घातक. आतड्यातले काही जिवाणू पित्ताम्लांचं रूप बदलतात, आणि ती बदललेली आम्लं क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने हे राखणदार गेले की त्याला रान मोकळं: जुलाब, आतड्याला सूज, वयस्कर माणसाच्या जिवावरही बेततं. हा आजार वारंवार उलटणाऱ्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये एक चाचणी झाली. निष्कर्ष 2013 साली आले. हे राखणदार परत आणायला निरोगी माणसाची विष्ठा सलाइनमध्ये कालवून, गाळून नळीने आतड्यात सोडली. (किळस आली तरी वाचा.) 16 पैकी 13 जण पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसतं अँटिबायोटिक दिलेल्यांचा निकाल याच्या जवळपासही नव्हता.

राहिलं दही. आवडतं तर खुशाल खा. अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबांवर काही प्रोबायोटिक्सचा (उपयोगी जिवंत जिवाणू असलेल्या गोळ्या-पावडरींचा) थोडाफार उपयोगही होतो. पण ‘पूर्ववत’? विरजणातले जिवाणू आतड्यात सहसा मुक्काम करत नाहीत. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2018 मध्ये अँटिबायोटिकनंतर काही जणांना 11 जातींच्या जिवाणूंचं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. काहीच न घेतलेल्यांचे मूळचे जिवाणू लवकर परतले. प्रोबायोटिक घेतलेल्यांचे कितीतरी उशिरा.