टेनेसीचं कौतुक हवंच, पण युटाला विसरू नका

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरच्या लेखात १५ ऑक्टोबर २०२२ चा शनिवार म्हणजे एकट्या टेनेसी विद्यापीठाच्या टीमचा दिवस असं म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. मी स्वतः टेनेसीवालाच, नॉक्सव्हिलला शिकलो, अलाबामाकडून दरवर्षी मार खाताना बघितलंय, २००६ नंतर एकदाही जिंकलो नव्हतो हो. त्यामुळे त्या दिवशी ४९-४९ असताना अलाबामाची ५० यार्डांची किक हुकली आणि १५ सेकंद उरले तेव्हा मी सोफ्यावरून उतरून टीव्हीसमोर फरशीवरच बसलो, आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल फेकणाऱ्या हूकरने, दोन पासमध्ये ४५ यार्ड काढले आणि मग आमच्या मॅकग्राची ती ४० यार्डांची किक, बॉल हवेत नुसता लटपटत होता, कसाबसा आडव्या दांड्यावरून गेला, ५२-४९! मी एवढा ओरडलो की बायको आतून धावत आली. पोरांनी गोलपोस्ट उपटून थेट टेनेसी नदीत टाकले.

पण त्याच दिवशी टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) १७ पॉइंटनी मागे पडून डबल ओव्हरटाइममध्ये ओक्लाहोमा स्टेटला ४३-४० हरवते, हे काय साधं आहे का? आणि रात्री युटा! समोरची यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) त्या सीझनमध्ये तोपर्यंत एकही मॅच हरली नव्हती, ४८ सेकंद उरलेले, युटाने नुकताच टचडाउन केलेला (बॉल शेवटच्या रेषेपार नेलेला), आता एक पॉइंटची किक मारून बरोबरी सहज होत होती, पण युटाचे तेव्हाचे कोच व्हिटिंगहॅमनी किक न मारता बॉल पुन्हा रेषेपार नेऊन दोन पॉइंटसाठी जायचं ठरवलं आणि त्यांचा क्वार्टरबॅक रायझिंग स्वतः बॉल घेऊन घुसला, ४३-४२. युटाच्याच किनकेडचे १६ कॅच, २३४ यार्ड! माझ्यासाठी त्या दिवसातला सगळ्यात धाडसी निर्णय तोच, टेनेसीवाला असूनही सांगतो.