शिस्तीचा नाही, सवयीचा प्रश्न आहे

ऑफिसमधल्या टॉयलेटच्या वापराबद्दल एक लेख वाचला; कमोडच्या सीटवर बुटांचे ठसे दिसले की लगेच 'लोकांना शिस्त नाही' असं त्यात म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. जो जन्मभर उकिडवं बसलाय त्याला दुसऱ्याच्या अंगाला लागलेल्या सीटवर बसायची किळस येते आणि ज्याला टिश्यूची सवय आहे त्याला ओली सीट बघून तसंच होतं, म्हणजे दोघंही स्वच्छतेपायीच वागतायत ना! पण सीटवर चढणं खरंच धोक्याचं आहे, सिरॅमिकचं भांडं फुटलं तर कडा सुरीसारख्या कापतात, हे कुणी नीट सांगतच नाही, नुसत्या रागावलेल्या मेल येतात. आमच्या ऑफिसात शेवटी जेट स्प्रे, टिश्यू दोन्ही ठेवलं, एक उकिडवं बसायचं भांडंही बसवलं, तेव्हा कुठे कुरबुरी थांबल्या. आणि सफाई करणाऱ्यांना कधी कुणी विचारलंय का?